दुर्गाबाईंचे हात

विजयश्री ताथवड्याच्या कॉलेजात सूक्ष्मजंतूंवर संशोधन करते. तीन महिने ती चाकणच्या एका कारखान्यातल्या कँटीनमधून नमुने गोळा करत होती. कणकेतून, भिंतींवरून, नळांवरून. मध्येच कामगारांची पोटं बिघडली आणि ठपका आला पोळ्या करणाऱ्या दुर्गाबाईंवर. बीडहून इथं येऊन त्यांना नऊ वर्षं झाली होती. मॅनेजरनं त्यांना पोळ्यांवरून काढून आवार झाडायला लावलं.

विजयश्री त्यांच्या तळहातांवरून कापसाचा बोळा फिरवायला गेली, तर कातडी सोललेली.

"साबणानं घासून घासून असं झालंय," दुर्गाबाई म्हणाल्या. "तरी शंका जाईना. घरी नातवालाबी भरवत न्हाई मी."

निकाल यायला बारा दिवस लागले. हात स्वच्छ होते. कणकेसाठी आणि पिण्यासाठी पाणी भरायच्या रबरी पाइपात जंतू आतून थर धरून बसले होते. ट्रॅफिकमध्ये दोन तास अडकून विजयश्री चाकणला पोचली आणि तिनं दुर्गाबाईंना बोलावून मॅनेजरसमोर अहवाल वाचला.

"पाइप बदलून टाकतो," मॅनेजर म्हणाला. "बाई, उद्यापासून पोळ्यांवर या."

माफीचा शब्द त्यानं काढला नाही. दुर्गाबाई खाली बघत होत्या.

"राहू द्या साहेब, दमले मी. झाडूच बरा. झाडू धरलेल्या हाताकडं कुणी निरखून बघत न्हाई."

विजयश्रीनं बाहेर येऊन त्यांना खूप समजावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, तिला पाणी दिलं आणि उरलेलं आवार झाडायला गेल्या.