ढिगाऱ्यावरची अंबाडी

शहाजादी आपा साइटवर आली तेव्हा मी लेकीला, आचलला, मांडीवर घेऊन वरणभात भरवत होते. आपाच्या हातात संत्र्याचं एक कलम होतं, मुळासकट उपटलेलं. तिने ते माझ्यापुढच्या विटांवर ठेवलं. बुंध्याला काळ्या गाळाचा लेप बसला होता आणि बोट लावताच त्याखालची साल सुटून आली.

"तुमचं होस्टेल उभं होऊन रायलं, मॅडम," ती म्हणाली, "अन् माही कलमं झोपून रायली."

शेंदूरजनाघाटला संत्र्याच्या कलमांवर घरं चालतात. आपाचे वाफे आमच्या साइटच्या खालीच, नाल्याच्या वळणावर. आधी खुंटावर संत्र्याचे डोळे बांधायचं काम तिचा भाऊ करायचा. तो नागपूरला गेल्यावर या वर्षीची सगळी कलमं तिने एकटीने, स्वतःच्या हाताने बांधली होती. गिऱ्हाईक ठरलेलं होतं. पण अशा बुंध्यांची कलमं कोण उचलणार?

साइटची इंजिनिअर मी, चूक आमचीच होती. पायव्यातून निघालेली काळी माती उतारावर ढीग करून ठेवलेली. आमचे ठेकेदार खुशालराव काका, त्यांनी ती उन्हाळ्यातच गावातल्या देवमनभाऊंना वावरात टाकायला देऊन टाकली होती. देवमनभाऊ आज नेतो, उद्या नेतो करत राहिले आणि पाऊस लागला. काळं वावर एकदा ओलं झालं की त्यात ट्रॅक्टर उतरत नाही. म्हणजे माती आता दिवाळीनंतरच हलणार, आणि साइटवर दुसरीकडे ठेवायला सपाट जागा नाही. प्रत्येक पावसात ढिगाऱ्याला ओघळ पडायचे. वाहिलेली माती नाल्याच्या मोरीत जाऊन बसायची, मोरी तुंबली की पाणी सरळ आपाच्या वाफ्यांत.

"आम्ही मोरी आजच साफ करून देतो, आपा," मी म्हणाले.

"आज साफ कराल. उद्या?"

 मोरी त्याच दिवशी साफ केली. आपाने वाफ्यांतला गाळ हाताने काढला, एकेका बुंध्यापासून, आणि मीही तिच्याशेजारी बसले.

काकांनी ढिगाऱ्यावर ताडपत्री टाकली, ती वाऱ्याने नेऊन बाभळीवर अडकवली. मग देवमनभाऊ खाली मान घालून बैलगाडी घेऊन आले. गाडीत पऱ्हाट्या होत्या, कपाशीची वाळलेली झाडं, चुलीसाठी रचून ठेवलेली. "माती तं नेता येत नाई," ते म्हणाले, "मंग हे तरी घ्या." ढिगाऱ्याच्या पायथ्याशी आम्ही चर खोदला आणि त्यात पऱ्हाट्यांचे भारे गच्च दाबून बसवले. सिमेंटचा मिक्सर धुतलेलं पाणीही आता प्लास्टिक अंथरलेल्या खड्ड्यात जाऊ लागलं. गाळ बराच अडला. पण साध्या पावसातच चर भरायचा. मोठा पाऊस आला तर पाणी भाऱ्यांवरून उडी मारणार, हे मला दिसत होतं.

आपाच्या 'उद्या'चं उत्तर सापडलं ते आचलमुळे. ती नुकतीच उभी राहायला शिकली होती, जे दिसेल ते धरून. त्या दिवशी ढिगाऱ्याच्या कडेला तिला तरोट्याचं, म्हणजे टाकळ्याचं, रोप सापडलं. दोन्ही हातांनी ओढलं आणि मातीचा अख्खा गोळा घेऊन धपकन बसली. मी तिच्या मुठी सोडवायला गेले आणि तो गोळा बघतच राहिले. मुळं माती सोडत नव्हती. मग ढिगाऱ्याकडे पाहिलं. जिथे तरोटा आपोआप उगवला होता तिथे एकही ओघळ नव्हता. उघड्या बाजूला मात्र बोट जाईल एवढे ओघळ.

तेल्हाऱ्याला माहेरी बाबांच्या वावरात धुऱ्यावर, बांधाच्या कडेने, अंबाडी आणि बरबटीची चवळी असायची. मी आईला फोन केला. "बी पाठव. अंबाडीचं, बरबटीचं, जे असेल ते."

"घरी भाजी लावून रायली का?"

"नाही. साइटवर पेरते."

 आई म्हणाली, "आचलले टोपी घालत जाय."

आईचं बी आल्यावर आम्ही ढीग उतरता केला आणि बी फेकून वरून हलकी माती ओढली. खुशालराव काका कमरेवर हात ठेवून उभे.

"मॅडम, होस्टेल बांधायचं हाय का भाजीबाजार भरवायचा?"

"दोन्ही, काका."

"अन् हे उगवलंच नाई तं?"

"तर मी रोज चर उपसते. तुम्ही आचलला सांभाळा."

"त्यापेक्षा उगवलेलंच बरं," काका म्हणाले.

रिमझिम चालली, ऊन पडलं, पुन्हा रिमझिम. ढीग आधी हिरवट दिसला, मग हिरवा. रोपं हातभर झाली नव्हती तोच एका दुपारी आभाळ फाटलं. मी आचलला काकांच्या मांडीवर ठेवलं, ती रडली, काकाही रडकुंडीला आले, आणि मी मोरीकडे पळाले.

आपा आधीच तिथे होती, हातात फावडं, डोक्यावर पोतं.  नाला चढत होता. मोरीतून पाणी घुमत बाहेर पडत होतं, गढूळ होतं, पण वाहत होतं. वळणावर ते काठाला लागलं, थोडा वेळ तिथेच राहिलं आणि उतरू लागलं.

पाऊस ओसरल्यावर आपा वाफ्यांत शिरली. खाली वाकून एकेका बुंध्याभोवती बोट फिरवत गेली. मी बांधावर उभी, ओली, छातीत दूध दाटलेलं, आणि हलवत नव्हतं मला तिथून.

"पानी काई आरसा नव्हतं," ती शेवटी म्हणाली. मग बोट दाखवलं. "पन हे बुंधे पाहा. साफ."

कलमं न्यायला गिऱ्हाइकाची गाडी आली तेव्हा आपाने मला मुद्दाम बोलावलं. वाफे रिकामे होताना बघायला. जाताना म्हणाली, "तुमच्या मातीच्या डोंगरावरची अंबाडी आता पाठवा जराशी. लई दिवस झाले भाकरीसंग खाल्ली नाई." तोवर साइटवरच्या मजुरांची प्रत्येक चूल तीच भाजी शिजवत होती.

दिवाळीनंतर देवमनभाऊ ट्रॅक्टर घेऊन आले. अंबाडी डोक्याच्या वर गेली होती, बोंडं वाळायला लागलेली. आचल एव्हाना धावत होती. खुशालराव काका ट्रॅक्टरच्या आडवे उभे राहिले.

"थांब ना बापा. बी पिकू दे."

"आता बी कायले लागते तुमाले?"

काकांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. अगदी सहज म्हणाले, "पुढच्या साइटले. आमी माती उघडी ठेवत नसतो."