उचला भंडारा

"नशा करणाऱ्याच्या घराचं पाणी तोडा. हाच ठराव!" जयसिंग म्हणाला, आणि अर्ध्या ग्रामसभेनं टाळ्या पिटल्या.

नाव कुणी घेतलं नाही. गरजच नव्हती. मांडवात शेवटी तुकाबाई धनगरीण बसली होती आणि तिच्या शेजारी गुडघ्यात मान घालून तिचा हृतिक.

पोरगा डोंगराकडेच्या फार्महाऊसवर फाटक उघडायच्या कामाला होता. हिंजवडीचे साहेब शनिवारी यायचे, पावडर ओढायचे आणि उरलेली बक्षीस म्हणून ह्याच्या हातावर टेकवायचे. धाड पडली तेव्हा साहेब वकील घेऊन घरी गेले. फाटक उघडणारा आत गेला. कायदा आंधळा असतो म्हणतात. खोटं आहे. त्याला कुणाची गाडी केवढी ते नीट दिसतं. हृतिक जामिनावर सुटला, सरकारी दवाखान्यात उपचार घेऊन आता आईच्या मेंढरांमागं फिरत होता. ते गावाला खुपत होतं. साहेब कुणालाच खुपत नव्हते.

"मावशी, आमची पोरं बिघडत्याल," जयसिंग म्हणाला. "तुमी आपली मेंढरं घिऊन दुसरीकडं जावा."

"आन तुज्या वावरात खतासाटी रातची मेंढरं कोण बसवंल? फार्महाऊसवाले?"

मांडव खदखदून हसला. सरपंच म्हणाले, "तुकाबाई, विषयावर बोला."

तुकाबाई उठली. कनवटीची भंडाऱ्याची पिशवी काढून तिनं सगळी हळद सरपंचांच्या टेबलावर ओतली.

"करा ठराव. पर हात वर करनाऱ्यानं आदी भंडारा उचलायचा. म्हनायचं, माज्या घरात नशा न्हाई, आन नशेचा पैका माज्या घरात येत न्हाई. मग माजा नळ मीच उपटून दिते."

टाळ्या पिटणारे हात मांडीखाली गेले. भंडारा उचलून खोटं बोललं की देव घरातलं माणूस नेतो, हे तिथलं शेंबडं पोरही जाणतं.

"दारू काय नशा हाय व्हय?" जयसिंग चिडला. "ती सरकारमान्य हाय!"

त्याची चुलती धोंडाबाई बायकांतून ताडकन उठली. कपाळाला पट्टी होती. "मग तुज्या चुलत्यानं माजं टाळकं फोडलं, ते बी सरकारमान्यच म्हनायचं! आन जयसिंगा, फार्महाऊसच्या जागेचं भाडं कुनाकडं येतं रं? उचल की!"

जयसिंगचा हात टेबलापर्यंत गेला आणि परत खिशात शिरला.

"हृतिकनं उचलावा की आदी!" मागून कुणीतरी ओरडलं.

मागं तुकाबाईनंच त्याला भंडारा उचलायला लावला होता, जन्मात शिवणार नाही म्हणून. आठवड्यात शपथ मोडली आणि देव आता आईचा जीव घेईल ह्या भीतीनं पोर पळालं. उरवड्याच्या पुलाखाली सापडलं तेव्हा अंगात ताप आणि खिशात पुडी होती. दवाखान्यातला डॉक्टर म्हणाला होता, जन्माचं मागू नका, दिवसाचं मागा.

"त्याला न्हाई," ती म्हणाली. "त्यानं..."

पण हृतिक उठला होता. टेबलाशी आला. त्यानं मूठभर भंडारा उचलला.

"मी घेत हुतो," तो म्हणाला. "आज घेतली न्हाई. उद्याचं उद्या सांगंन."

"सबंद सभेत एकलाच खरं बोलला," धोंडाबाई म्हणाली.

सरपंचांनी ठरावाला हात वर करायला सांगितलं. एकही वर गेला नाही. जयसिंगचाही नाही.

दुसऱ्या दिवशी जयसिंगनं वावराच्या कुंपणाचं कवाड उघडून धरलं आणि दुसरीकडं बघत म्हणाला, "हितं बसवा मेंढरं." तुकाबाई काठी खांद्यावर टाकून मालकिणीसारखी आत गेली.

तेव्हापासून सकाळी हृतिक भंडारा उचलतो, त्या दिवसापुरतं बोलतो आणि हात म्होरक्या मेंढ्याच्या पाठीवर पुसतो. कळप भर गावातून जातो. सगळ्यांच्या पुढं मेंढ्याच्या पाठीवर पिवळा पंजा असतो; कालच्या फिकटावर आजचा ताजा.