गोंगाटाची गल्ली

मी एक पांढरी काठी बोलतेय. चार घड्यांची, पोटात रबरी दोरी आणि तळाला काळं टोपण. उभी राहिले की माझ्या धनिणीच्या छातीपर्यंत येते. तिला दिसत नाही. मला तरी कुठे दिसतं? पण ठेच आधी मी खाते, मग ती सावध होते. असा आमचा दोघींचा संसार.

पहिली दोन वर्षं मात्र मी कपाटामागे धूळ खात पडले होते. लहानशा गावातलं घर, तिथली वाट न् वाट तिच्या तळपायांना पाठ. वर आई म्हणायची, "ती काठी हातात घेतली की लोक बघतात." फार लागायचं मला ते. मग मोठ्या शहरातल्या एका रुग्णालयात टेलिफोनवर बसायची नोकरी तिला लागली आणि मला ओढून बाहेर काढलं गेलं.

आईने अट घातली. "दादा आठ दिवस सोबत राहील. तेवढ्यात एकटीने जायला-यायला जमलं तर ठीक, नाहीतर त्याच्याबरोबर मुकाट्याने परत यायचं."

दादा म्हणजे तिचा मोठा भाऊ. बहिणीसाठी जीव टाकणारा, पण बिचारा स्वतःच्याच डोळ्यांनी बघणारा. त्याने खोली पसंत केली ती बागेशेजारच्या वसाहतीत. रुंद रस्ता, झाडं, गाड्या क्वचितच.

"टाचणी पडली तरी ऐकू येईल बघ!" तो खुशीत म्हणाला.

पण टाचणी पाडायलाही तिथे कुणी नव्हतं! तिसऱ्या दिवशी आम्ही दोघीच निघालो. मी डावीकडे टेकले तर भिंत, पुढेही तशीच भिंत, त्यापुढेही तशीच. ना कसला वास, ना विचारायला चिटपाखरू. पाऊण तास भटकून आम्ही एका बंद फाटकाशी थांबलो आणि ती रडायला लागली. दादा शोधत, धापा टाकत आला आणि म्हणाला, "छोटे, पुरे झाला हट्ट. परत जाऊ."

"अजून पाच दिवस आहेत," ती नाक पुसत म्हणाली. "आता गल्ली मी शोधते."

दुसऱ्या दिवशी रुग्णालयाच्या मागच्या बाजूला आम्हाला ती सापडली. तोंडाशी बेकरी, मध्ये शिंप्याचं मशीन, आणि वळणावर पत्र्याच्या पेट्या ठोकणारा कारागीर. ठाणठाण ठाणठाण!

"कानठळ्या बसतात इथे!" दादा ओरडला.

"दादा, मला इथे दिसतंय रे," ती म्हणाली. काय हसत होती तेव्हा!

खोली इस्त्रीवाल्या मावशींच्या दुकानावर होती. "माझा आवाज मोठा आहे, आधीच सांगते," मावशी म्हणाल्या. "मग तर ठरलंच," माझी धनीण म्हणाली.

आठव्या दिवशी सकाळी कामावर एकटीने जायचं होतं. बेकरी गेली, शिंपी गेला, आणि पुढे सगळं चिडीचूप. पेटीवाल्याची सुट्टी! तिचे पाय थबकले. वळण आलं की गेलं? मी जरा उजवीकडे सरकले आणि गटाराच्या सैल लोखंडी झाकणावर आपटले. खणण! रोज वळणावर वाजणारं तेच झाकण. ती वळली, आणि थेट रुग्णालयाच्या दारात जाऊन थांबली.

"दादा," मागे न वळता ती म्हणाली, "तुझी डावी चप्पल फटफट वाजते. घरापासून मागे आहेस ना? जा आता, तुझी गाडी चुकेल."

"आईला काय सांगू?" दादाने विचारलं.

"सांग, काठी हातात आहे आणि लोक बघतात. बघू देत."

आज माझं तिसरं टोपण झिजत आलंय आणि रंगाचे पोपडे निघालेत. मागणं एवढंच, पदपथावर दुचाकी लावू नका. रस्ता ओलांडून द्यायला मला धरून ओढू नका, आधी तिला विचारा. ती नको म्हणाली तर राग मानू नका.

गेल्या महिन्यात आई राहायला आली होती. सकाळी लेक कामाला निघाली, तेव्हा आईने मला कोपऱ्यातून उचललं, पदराने पुसलं आणि स्वतः तिच्या हातात दिलं.