पहाटेची बाटली

पंचवटीत सिंधुबाईंच्या घरची धुनी कधी विझत नसे. त्यांच्या आजेसासऱ्यांनी पेटवलेली, माजघरात, विटांच्या कुंडात. गोवऱ्या, ऊद, कापूर. दर गुरुवारी अंगारा न्यायला माणसं येत, आणि यंदा तर सिंहस्थ, त्यामुळे वाट चुकलेले साधूसुद्धा येऊन टेकत. थोरली नात वेदिका ह्याच धुनीच्या नवसाने झालेली. नवसाची पोर धुनीच्याच धुराने घुसमटते, हे देवाचं गणित तिच्या आईला, ज्योत्स्नाला, काही सुटत नव्हतं. आणि सुटलं तरी सुनेने ते सांगायचं कुणाला?

नऊ वर्षांच्या वेदिकाला दमा होता. फुंकायच्या यंत्रात तिला धड फुंकता येत नसे, खोकलाच यायचा. म्हणून डॉक्टरीणबाईंनी दुसरी वाट काढली. मुलांच्या लघवीवरून श्वासनळीतली सूज कळते का, ह्याचा त्या अभ्यास करत होत्या. पहाटेची पहिली लघवी बाटलीत धरायची, बर्फात ठेवून दवाखान्यात पोचवायची, तिथून ती पुण्याला तपासायला जाई.

पहिल्याच रिपोर्टात सूज चांगलीच निघाली. बाईंनी आडपडदा ठेवला नाही. "औषधं चालू राहतील, पण घरातला धूर बंद करा. नाहीतर मुलीला तिथून हलवा. महिन्याने पुन्हा तपासू."

सिंधुबाईंनी निकाल लावायला जेवण उरकेपर्यंतही वेळ घेतला नाही. "धुनी विझायची नाय. पोरीला सिन्नरला आत्याकडं ठेवू. तिकडं शाळा हाय, हवा हाय."

"आई, हिला नका नेऊ," ज्योत्स्ना म्हणाली. "रात्री दम लागला तर माझ्याशिवाय कोण उठेल?"

"आत्या काय परकी हाय व्हय?"

नवरा रविराज पानातली भाजी चिवडत राहिला. आईपुढे तो तोंड उघडत असे ते घासापुरतंच. बरीच रडारड झाल्यावर एवढंच पदरात पडलं: पुढचा रिपोर्ट चांगला आला तर वेदिका राहील, नाहीतर सिन्नर.

ज्योत्स्नाने वेदिकाचा औषधाचा पंप कधी चुकवला नाही. तिचं अंथरूणही गच्चीकडच्या खोलीत नेलं. पण धूर काय खोली विचारून येतो? उशीला धुनीचा वास, गणवेशाला वास, दुधालासुद्धा. दाराखिडक्या उघड्या असूनही तिला घर बंद पेटीगत वाटायचं. पोर हातची जाणार ह्या भीतीने तिला जेवण जाईना.

धाकटी चिमी पाच वर्षांची. दगड खाईल आणि पचवील अशी. दिवसभर आजीच्या मांडीवर, धुनीपाशी, कपाळभर अंगारा फासून. साधी शिंक नाही कधी. तपासणीच्या पहाटे ज्योत्स्ना उठली, झोपाळलेल्या चिमीला मोरीत नेलं आणि तिच्यापुढे बाटली धरली. वर चिठ्ठी वेदिकाच्या नावाची. पाप वाटलं. पण पोर जवळ राहणार असेल, तर तेवढं पाप ती पदरात घ्यायला तयार होती.

रिपोर्टाच्या दिवशी सिंधुबाई चिमीला घेऊन स्वतः दवाखान्यात आल्या. सून ऐकेल एक आणि सांगेल दुसरंच, ह्याची त्यांना खात्री होती.

बाईंनी वेदिकाला तपासलं, मग कागद पाहिला. "नवल आहे. छाती पहिल्यापेक्षा मोकळी आहे, आणि सूज मात्र मागच्याहून जास्त!"

"ठरलं तर," सिंधुबाई म्हणाल्या. "रविवारी सिन्नर."

ज्योत्स्नाने चिमीकडे पाहिलं. आजीच्या पदराचं टोक चघळत ती मजेत बसली होती. इकडे आड, तिकडे विहीर. गप्प राहावं तर वेदिका जाणार, आणि चिमी त्याच धुरात राहणार, कुणाला पत्ताही न लागता. बोलावं तर लबाडी उघडी पडणार, आणि दोघीही जाणार.

"बाई, ती बाटली वेदिकाची नव्हती," ती म्हणाली. "चिमीची होती."

"अहो, काय केलंत हे!" बाई उखडल्या. पण उठून त्यांनी आधी चिमीची छाती ऐकली.

"हिला कुठं खोकला हाय?" सिंधुबाई म्हणाल्या.

"खोकला मागून येतो, आजी. सूज आधी येऊ शकते, धुराने तर येतेच. पुन्हा तपासू. तोवर हीही त्या घरात नको."

सिंधुबाईंनी चिमीच्या पाठीला कान लावला. बराच वेळ लावून ठेवला. आत काहीच वाजत नव्हतं.

ज्योत्स्नाने हात पुढे केले. "द्या आई. दोघींना घेऊन मीच जाते सिन्नरला."

सिंधुबाईंची मिठी घट्ट झाली. ज्या आवाजाला गल्ली वचकून असे, तो एवढासा झाला.

"हिला नको नेऊ, ज्योत्स्ना."

त्या दिवशी ताटावर कोण हे म्हणालं होतं, ते दोघींनाही आठवलं. ज्योत्स्नाने हात मागे घेतले नाहीत.

"मग धुनी विझवा," ती म्हणाली.