१९१९ ची सरी

राज्यसेवेच्या पूर्वपरीक्षेला आठ दिवस उरले होते आणि वयाच्या अटीमुळं सोनालीची ही शेवटची संधी होती. ढोकीच्या शिवारात उसाला पाणी देता देताच ती इतिहासाची उजळणी करायची. तिचे सासरे बलभीम पुस्तक घेऊन बांधावर बसायचे. ते साठीत अक्षरं शिकले होते. ओळीखाली बोट धरून ते सुनेचा शब्द न् शब्द ताडून बघायचे. नियम सोनालीनंच घातला होता. एका सरीला इंग्रजांच्या काळातला एक कायदा, आणि पाणी टोकाला पोचायच्या आत तो संपवायचा.

त्या दिवशी १९१९ च्या सरीत ती घसरली.

“थांब पोरी. केंद्रात द्विदल पद्धत म्हणालीस, ते पस्तीसच्या कायद्यात हाय. इथं प्रांतात लिवलंय.”

पाणी निम्म्यावर गेलं होतं. “मामा, पाणी अडवा की जरा!”

“परीक्षेत घड्याळ अडवतेत व्हय? बोल!”

सोनालीनं खोरं खांद्यावर टाकलं आणि पहिल्यापासून धरलं. राखीव खाती, सोपीव खाती, मतदानाचा हक्क, सगळं चिखलातून चालता चालता घडाघडा म्हणत गेली. पाणी टोकाला लागायला दोन हात बाकी असतानाच ती थांबली.

“झालं, मामा. बरोबर हाय का?”

“दम धर. माझं बोट अजून मधीच हाय,” बलभीम म्हणाले. त्यांच्या आवाजातलं कौतुक लपत नव्हतं.

उरलेल्या ओळी त्यांनी एकेक अक्षर जुळवत वाचल्या. एकही शब्द चुकला नव्हता. त्यांनी मान वर केली, तोवर सून पाणी वळवून पस्तीसच्या सरीत शिरलीसुद्धा होती.