आदगोंडांचं व्रत आणि हिरड्या

दिगंबर मुनींनी पाळायचे नियम अठ्ठावीस. त्यातले सत्तावीस कुंडलच्या आदगोंडा पाटलांना जड वाटले, एक मात्र मानवला: दात न घासण्याचा. एका पर्युषणात दहा दिवसांपुरता धरला. व्रत संपल्यावर ब्रश फिरवला तर रक्त आलं. दोष ब्रशचा ठरला आणि व्रत जन्माचं झालं.

हे खपूनही गेलं असतं. पण मुलानं सून आणली ती नेमकी दातांची डॉक्टर, दवाखाना सांगलीत. तेव्हापासून सासरेबुवा तिच्याशी तोंडावर हात धरून भांडत.

"मामा, हिरड्या सुजल्यात," ब्राह्मी म्हणाली. "कडेला साचलेला थर आतलं हाड खातोय. साफ करून घ्या, रोज मऊ ब्रश फिरवा, रक्त थांबेल. नाहीतर पुढचे दात जातील."

"जातील? ह्या दातांनी ऊस सोलतो मी. एक कीड दाखव, न्हाईतर दवाखान्याला कुलूप घाल."

"कीड नाहीच. दात चांगलेत. हिरड्या गेल्यात."

"आवं, निदान वास तरी घालवा," राजमती म्हणाल्या. हल्ली नवऱ्याजवळ बसताना त्या वारा कुठून वाहतोय ते आधी बघत.

"तू गप. सासू-सून मिळालाय व्हय?"

पुरावा म्हणून आदगोंडांनी उसाचं कांडं उचललं, सुनेकडं रोखून बघत कचकन चावलं आणि हिसडा दिला. साल निघाली. तिच्यासंगट पुढचा दातही.

त्यांनी दात धोतरानं पुसला, उजेडात फिरवला.

"बघ! हाय का कीड?"

"नाही, मामा."

"मग!"

शेजारचा दातही जिभेला हलता लागत होता, ते मात्र त्यांनी गिळलं. सकाळी सांगलीकडं पाठ फिरवून ते थेट साताऱ्याला गेले, परक्या डॉक्टरकडं. परतले ते बधिर ओठ आणि मऊ ब्रश घेऊन.

"काय म्हणाले?" ब्राह्मीनं विचारलं.

"थर साचलाय, आतलं हाड खातोय. रोज मऊ ब्रश फिरवला तर शेजारचा वाचंल म्हणाला." त्यांनी तांब्या उचलला. "लय हुशार माणूस. आमच्या घरात हाय एक, नुसती बडबड."

"ब्रश हिरडीच्या कडेला टेकवा, हलक्या हातानं..."

"ते बी त्यानं सांगितलंय," आदगोंडा गुरकावले. "तू सांगू नगंस."