वादळ्याचे दात

दौंड स्टेशनात पार्सल क्लार्क असलेल्या बाळासोचा राग सगळ्या रेल्वे कॉलनीला ठाऊक होता, आणि निम्म्या वेळा तो एका चित्रकारावर असायचा. 'वादळ्या' या चित्रकथेचे अंक तो मॅट्रिकला असल्यापासून जमवत आला होता. डोळ्यांपुरता मुखवटा घातलेला, पाठीवर लाल शेला उडवणारा वादळ्या वाऱ्यावर बसून गरिबाच्या हाकेला धावायचा. सुरुवातीची बरीच वर्षं तो द. भा. अशी सही करणाऱ्या चित्रकारानं काढला. मग दुसरा आला, आणि बाळासोच्या मते वादळ्या तिथंच मेला.

"दंड बघा ह्याचे!" स्टॉलवर नवा अंक उघडून तो ओरडायचा. "पोत्यात वांगी कोंबल्यात! आन् हात कुठं हायेत? पाठीमागं. का? तर बोटं काढाय येत न्हाईत म्हणून! द. भां.चा वादळ्या ठोसा मारायचा तवा त्याची सोताची मूठ बी दुखायची, तोंडावर दिसायचं ते. ह्यो बघा, कणीक तिंबल्यागत मारतोय."

एवढं बोलून तो अंक विकत घ्यायचाच.

आपले अंक मात्र तो कुणाला हात लावू द्यायचा नाही. अपवाद एकच, शिरूरचा खंडू पेंटर. ट्रकच्या पाट्या आणि दुकानांचे बोर्ड रंगवणाऱ्या खंडूला बोटं काढता यायची, म्हणून बाळासोच्या लेखी तो माणसात होता. शहात्तर सालच्या उन्हाळ्यात खंडूनं द. भां.चा शेवटचा अंक मागून नेला आणि परत आणायचं नावच घेईना. शेवटी एका रविवारी बाळासो न्हावऱ्यावरून जाणाऱ्या एसटीत बसला.

शिरूरच्या स्टँडवर उतरला आणि जागच्या जागी उभा राहिला. समोरच्या लांबलचक भिंतीवर पुरुषभर उंचीचा वादळ्या होता. शेजारी एक जोडपं, दोन पोरं, आणि वर ठसठशीत अक्षरं: दोनच पुरेत, आजच ऑपरेशन करून घ्या. वादळ्या त्या अक्षरांकडं बोट दाखवून बत्तीस दात काढत हसत होता.

शिडीखाली खंडू ब्रश पुसत बसला होता. शेजारी अंक उघडा पडलेला. बाळासोनं तो उचलला. द. भां.च्या चित्रावर शाईनं उभ्या-आडव्या चौकटी आखलेल्या होत्या, चित्र मोठं करायला पेंटर लोक आखतात तशा.

"शाईनं?" बाळासोचा आवाज चिरकला. "पेन्सिल मिळंना व्हय तुला? माझ्या अंकावर शाई वढलीस?"

"बाळासो, जरा ऐकून घे..."

"काय ऐकू? आन् ह्यो हसतोय कशाला? आख्ख्या जन्मात वादळ्या एकदा तरी हसला का? ज्याच्या मागं शिपाई लागलेत त्याला पाठीशी घालणारा गडी ह्यो, आन् तू त्याला शिपायांच्या दारातला भालदार केलास! त्या वांगीवाल्यापरास तू वाईट. त्याला येत न्हाई म्हणून त्यो चुकतो. तुला येतंय!"

खंडू खाली मान घालून ब्रश पुसत राहिला. त्यानं बाळासोचा राग आणखी भडकला. त्यानं खंडूच्या हातातला ब्रश ओढून तपकिरी डब्यात बुडवला, दोन पायऱ्या चढला, आणि भिंतीवरचं ते हसू मिटवून टाकलं. वादळ्याचं तोंड बंद झालं. आता तो द. भां.चा दिसत होता.

"काय केलंस रं हे," खंडू म्हणाला. "जीपवाले मला ऑपरेशनला घिऊन चालले हुते. एकच पोरगी हाय म्हणलं, तर म्हनले पुरावा आन. तुझी चांगुणावहिनी दारात आडवी पडली. तवा सायेब म्हनला, भित रंगव, तुला सोडतो. वादळ्या पायजे, पोरांना आवडतो, आन् हसता पायजे."

बाळासो शिडीवरून उतरला. तेवढ्यात जीप आलीच.

साहेब खाली उतरले, भिंतीकडं बघून म्हणाले, "पेंटर, हा रडतोय का? ह्याला बघून कोण येईल कॅम्पला?"

"सायेब, मूळ चित्रात वादळ्या हसतच न्हाई," बाळासो पुढं झाला. "द. भां.नी त्याला..."

"हे कोण?"

"बाळासो, गप बस," खंडू म्हणाला. त्यानं बाळासोच्या हातातला ब्रश काढून घेतला.

साहेब सिगारेट शिलगावत म्हणाले, "हसव त्याला. मी थांबतो. नाहीतर बस जीपमध्ये."

खंडू शिडी चढला. एका हातानं शिडी धरावी लागत होती, म्हणून डबा धरवेना. बाळासोनं पांढऱ्या रंगाचा डबा उचलला आणि वर धरला. खंडू एकेक दात काढत गेला. बाळासोची नजर भिंतीवर नव्हती, जीपला टेकून धूर सोडणाऱ्या माणसावर होती. असा राग त्याला आजवर कुठल्याच अंकावर आला नव्हता. आणि त्यातला निम्मा स्वतःवर होता, कारण मित्राचं काय झालं ते विचारायच्या आधी त्यानं शाईचं विचारलं होतं.

जीप गेल्यावर खंडू खाली उतरला. अंक पुसून त्यानं पुढं केला. "नवा मिळंल का कुठं?"

"न्हाई मिळत."

"मग?"

"मग काय? तुझ्याकडंच ठिव." बाळासोचा आवाज अजून तापलेलाच होता. "चल, चांगुणावहिनी वाट बघत आसंल. तुझी सायकल तुझ्याच्यानं चालायची न्हाई आत्ता. मी दामटतो, तू मागं बस."

पुढंही बाळासोनं चित्रकारांना शिव्या द्यायचं सोडलं नाही. वांगीवाल्याला तर मुळीच नाही. पण हातात अंक घेऊन ओरडताना मध्येच थांबायचा, आणि स्टॉलवाल्याला विचारायचा, "का रं, ह्याला आसं काढ म्हणून कुणी सांगितलं आसंल?"